बिराजदारांचा डबा

आमच्या फ्रिजवर एक ट्रॉफी आहे आणि ती कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची आहे. तिच्यावर नाव माझं आहे, हा भाग वेगळा. ती परत करायला मी दोनदा त्यांच्या घरी गेले. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजला आणि ट्रॉफीसकट परत पाठवलं.

प्रकरण माझ्या मुलीच्या शाळेतून सुरू झालं. शिवानी तेव्हा आठवीत होती. शाळेने 'आजीच्या हातची चव' नावाचा महोत्सव जाहीर केला. हल्ली शाळांना साधा कार्यक्रम करता येत नाही, महोत्सवच होतो. (मैदान झाडायचं असलं तरी आधी 'स्वच्छता पर्वा'चा फ्लेक्स लागतो.) नियम असे होते: पदार्थ आजीचा, मेहनत आईची, मांडणी मुलीची. वडिलांनी काय करायचं हे पत्रकात दिलं नव्हतं. आमच्या घरात ते तसंही दिलेलं नसतं.

शिवानीने मला न विचारता फॉर्म भरून टाकला आणि पदार्थाच्या रकान्यात लिहिलं, 'अव्वाची बिस्किटं'.

अव्वा म्हणजे माझी आई. मूळची मैंदर्गीची. घरात कानडी बोलायची, दारात मराठी, आणि रागावली की दोन्ही. आम्हा तिघा भावंडांची ती अव्वा, म्हणून शिवानीचीही अव्वाच. आमच्या मागच्या गल्लीत राहायची. शाळा सुटली की शिवानी आधी तिच्याकडे जायची आणि दोन्ही हातांत एकेक बिस्किट घेऊन मग घरी यायची. गोल, रव्याचं, मध्ये बोटाने दाबलेला खळगा, आणि एक खरपूस वास, जो आमच्या शाळेच्या दप्तरांनाही यायचा आणि पुढे तिच्याही दप्तराला यायचा.

अव्वाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षात शिवानीने तिचं नाव एकदाही काढलं नव्हतं. रडलीही नव्हती. मी समजूत करून घेतली होती की पोरगी लहान आहे, विसरली. आणि मग तो रकाना. तिच्या गिचमिड अक्षरात, रेघेच्या बाहेर गेलेलं 'अव्वा'. त्यामुळे 'मला जमणार नाही' हे माझं ठेवणीतलं वाक्य बाद झालं.

मला कृती माहीत नव्हती. म्हणजे सांगितली गेली होती, पण माहीत नव्हती. अव्वा असताना मी एकदा वही-पेन घेऊन फोन लावला होता. ती म्हणाली, पीठ घ्यायचं, रवा घ्यायचा, साखर दळून घालायची आणि बसेल तेवढं तूप घालायचं.

"बसेल तेवढं म्हणजे किती?"

"बसलं की कळतंय की."

"अव्वा, वाटीने सांग ना."

"वाटी कुणाची? तुझी का माझी?" आणि मग कंटाळून, "पीठ साकु म्हणालं की थांबायचं."

कानडीत साकु म्हणजे पुरे. मी वहीत लिहिलं: पीठ पुरे म्हणेपर्यंत. ही वही अजून माझ्याकडे आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात वीस वर्षं नोकरी करणाऱ्या बाईच्या हातून इतकी निरुपयोगी नोंद दुसरी झालेली नाही.

नोकरी तीच असल्यामुळे मी ६४१.५ क्रमांकाचं कपाट उघडलं. पाककलेची पुस्तकं तिथे असतात, आणि वाचकांनी ती शेवटची कधी उघडली हे त्यांच्यातल्या झुरळांनाच ठाऊक. सगळी वाचली. एकाही पुस्तकात बोलणारं पीठ नव्हतं. मग व्हिडिओ पाहिले. त्यातल्या बाईंचा ओटा आमच्या हॉलपेक्षा मोठा होता आणि त्यांच्या मागे कुणीही 'आई, माझा कंपासबॉक्स' असं ओरडत नव्हतं. मला बेकिंगपेक्षा त्याचंच कुतूहल वाटत राहिलं.

घरात ओव्हन होता. नवऱ्याने तो माझ्या वाढदिवसाला आणला होता आणि तेव्हापासून त्यावर रद्दी ठेवायची चांगली सोय झाली होती. रद्दी उतरवून मी पहिला घाणा लावला. पाकिटातलं तूप, वजनकाट्यावर मोजलेलं पीठ, मोबाइलवर गजर. बिस्किटं निघाली ती इतकी टणक की नवऱ्याने एक दाराखाली लावून पाहिलं, दार हललं नाही. दुसऱ्या वेळी ती एकमेकांना भेटली आणि ट्रेच्या आकाराचं एकच बिस्किट तयार झालं. तिसऱ्या वेळी दिसायला सुंदर झाली. शिवानीने अर्धं खाल्लं आणि म्हणाली, "छान आहे."

हे 'छान' ती पाहुण्यांना वापरते. उरलेलं अर्धं तिने बशीत परत ठेवलं, अगदी हळू, आवाज न करता. मला ते पहिल्या घाण्याच्या टणकपणापेक्षा जास्त लागलं.

त्या दिवशी भांडी घासताना माझ्या लक्षात आलं, की अव्वाकडे ओव्हन नव्हताच. ती पीठ मळून भट्टीवर न्यायची. आमच्याकडे अजून काही जुन्या बेकऱ्या आहेत जिथे घरून पीठ आणि रिकामा डबा न्यायचा, पत्र्यावर आपली बिस्किटं थापायची, पत्रा भट्टीत सरकवायचा आणि बाकावर बसून गावाची खबरबात ऐकायची. बिस्किटं निवाली की कामगार आपापल्या डब्यात भरून ठेवतात. मला वाटलं, सापडलं. चव भट्टीची होती. मला उगाच स्वतःवर शंका आली होती.

डबा म्हणजे तेलाचा पंधरा लिटरचा पत्र्याचा डबा, वरचा पत्रा कापून झाकण बसवलेला. सगळ्यांचे तसेच असतात, म्हणून त्यावर नाव घालायची पद्धत. नवऱ्याने उत्साहाने (या महोत्सवातलं त्याचं हे एकमेव योगदान) लाल ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहिलं: बिराजदार.

इथे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. सोलापुरात आणि त्याच्या दक्षिणेला डब्यावर नुसतं बिराजदार लिहिणं म्हणजे 'मनुष्यप्राणी' लिहिण्यासारखं आहे. शिवानीच्या वर्गात पाच आहेत. आमच्या अपार्टमेंटमध्ये तीन घरं आहेत आणि कुरिअरवाला आम्हाला मजल्यावरून ओळखतो. हे मला माहीत होतं. मी माहेरचीही बिराजदारच. तरीही मला त्या डब्यात काही खटकलं नाही. आपलं आडनाव आपल्याला नेहमी आपलंच वाटतं.

शनिवारी सकाळी पीठ आणि डबा घेऊन भट्टीवर गेले. बिस्किटं थापली, मध्ये बोटाने खळगे केले, पत्रा आत गेला. बाकावर जेमतेम टेकते तोच कॉलेजातून फोन, की पुस्तकमोजणी सुरू झाली आहे आणि कपाटाची किल्ली कुठे आहे. मग शिवानीचा, पांढरे मोजे कुठे आहेत. मग नवऱ्याचा, कुकरची शिट्टी कुठे आहे. (तिन्ही वस्तू जिथे असायला हव्यात तिथेच होत्या. म्हणूनच कुणाला सापडल्या नसाव्यात.) चौथा फोन यायच्या आत मी काउंटरवर 'बिराजदार' म्हटलं, पुढ्यात बिराजदार लिहिलेला डबा आला, तो उचलला आणि निघाले. अक्षरं निळी होती हे माझ्या डोळ्यांना दिसलं असणार. डोक्यापर्यंत पोचायला तिथे जागा नव्हती.

घरी शिवानी मोज्यांच्या शोधात एका पायावर उभी होती. तिने डब्यात हात घातला, एक बिस्किट तोंडात टाकलं आणि चावायची थांबली. मग दुसऱ्या हातात आणखी एक घेतलं आणि गॅलरीत जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी मागे गेले.

"आई," ती न वळता म्हणाली, "अव्वाची आहेत."

मी एक खाल्लं. होती. खरपूस, थोडी कडवट कड, आणि तो दप्तराचा वास. शिवानी रडत होती आणि खातही होती. दीड वर्षांचं एकदम. मीही सामील झाले. नवरा शिट्टी विचारायला आला आणि आम्हाला बघून न विचारताच परत गेला.

महोत्सवाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. म्हणजे पुष्कळ आहे, पण तुम्ही असे महोत्सव पाहिलेले आहेत. दीपप्रज्वलन, ज्यात वाऱ्यामुळे तीन मान्यवर आणि सहा काड्या खर्ची पडल्या. स्वागत, सत्कार, ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार. दीड तासाने परीक्षक पदार्थांपाशी आले तेव्हा शेंगापोळ्यांच्या वळकट्या झाल्या होत्या आणि गरगट्याच्या पातळ भाजीचा खरवस. निवलेला पदार्थ म्हणून आमची बिस्किटं तेवढी शाबूत होती. पहिलं बक्षीस मिळालं. प्रमुख पाहुणे हॉटेलवाले होते. त्यांनी 'या बिस्किटांत मातृत्वाचा सुगंध आहे' असं सांगून चार उचलली, आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी आयुष्यभर अशा भाषणांची टिंगल केली आहे. मी माइक घेतला आणि सात मिनिटं बोलले. वारसा, संस्कार, हाताची चव, पिढ्यांमधून वाहणारं काहीतरी. 'माझ्या आईचा हात आज माझ्या हातात आला,' असंही मी म्हणाले. पहिल्या रांगेत शिवानी अशा चेहऱ्याने ऐकत होती की मला आणखी सात मिनिटं बोलावंसं वाटलं.

पुढच्या बुधवारी डबा रिकामा झाला. मी तो घासायला पालथा घातला तेव्हा बुडाला एक जुनी पार्सलची चिठ्ठी चिकटलेली दिसली. पाठवणार: म. ब. बिराजदार, आणि जुळे सोलापूरमधला पत्ता. घेणार: पुण्याची कुणी बाई. डबा सुलटा केला. निळी अक्षरं. या वेळी ती डोक्यापर्यंत पोचली.

शिवानीपासून लपवायचा विचार मी केला, सुमारे अर्धा दिवस. मग सांगितलं. मला वाटलं ती भाषणावरून हसेल, किंवा चिडेल. ती नुसती विचारात पडली.

"मग अव्वाची बिस्किटं त्या बिराजदारांकडे कशी गेली?"

तेच तर मला विचारायचं नव्हतं. ती चव जगात एकाच बाईच्या हाताला होती, हे मला तसंच असायला हवं होतं. एखाद्या म. ब. बिराजदारांकडे ती सहज, डबाभर असावी हे मला सहन होईना. पण शिवानीने चपला घातल्या होत्या.

दार एका पन्नाशीच्या बाईंनी उघडलं. त्यांच्या गळ्यात बीपी मोजायचं यंत्र होतं. आत खुर्चीत एक काटक म्हातारे गृहस्थ एक बाही वर करून बसले होते आणि प्रसन्न दिसत होते. मी डबा पुढे केला, माफी मागितली, ट्रॉफी टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. त्या बाई म्हणजे त्यांची मुलगी, पार्सलवरची पुण्याची.

झालं होतं असं. माझा डबा काकांनी घरी आणला, न उघडताच पार्सल केला आणि पुण्याला पाठवला. मुलीने एक बिस्किट खाल्लं आणि घाबरली. ना वास, ना चव, नुसती गोड फरशी. बाबांना चव कळेनाशी झाली, की विस्मरण सुरू झालं, की आणखी काही? तिने कामावर रजा टाकली, पहिली गाडी पकडली आणि आल्या आल्या त्यांच्या रक्ताच्या आठ तपासण्या करून घेतल्या. डोक्याचा स्कॅन सोमवारी होता. माझ्या स्वयंपाकाबद्दल आजवर लोकांनी बरंच काही म्हटलं आहे, पण त्यावरून कुणाच्या मेंदूची तपासणी ठरलेली नव्हती.

"तुम्ही त्यात तूप कोणतं घातलं होतं हो?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, वैद्यकीय कुतूहल होतं.

मी पाकिटाचं नाव सांगितलं. काका हसले.

मग शिवानीने विचारलं, आजोबा, तुमची कशी होतात? काका तिच्याकडे वळून बसले.

"अगं, मला कुटं येत हुती. आमच्या मंडळींची ती. ती गेली आन् मी दोन वर्सं करून बगितली. मापात करायचो, वर्कशॉपचा माणूस मी. न्हाय जमलं. एकदा लोणी कढवाया ठेवलं आन् हिचा फोन आला. बोलत बसलो. येऊन बगतो तर बेरी पार काळी. म्हटलं, टाकायचं कशाला, घातलं तसंच. आन् तीच चव आली की."

"करपलेल्या तुपाची?" मी म्हटलं.

"व्हय. पाच पोरं हुती घरात. एक पडतंय, एक रडतंय. चुलीपाशी उभं ऱ्हायाला तिला टाइम कवा गावला? आता मी लोणी ठिवतो आन् हिला फोन लावतो. हिनं उचलला न्हाय तर त्या दिवशी बिस्किटं न्हाईत."

मुलगी बीपीच्या यंत्राची नळी गुंडाळत राहिली. हे तिलाही माहीत नसावं.

मला आमचं घर दिसलं. अव्वा लोणी कढवायला ठेवायची आणि नेमकी तेव्हाच आमची मारामारी जुंपायची. खिडकीवरून, सायकलवरून, कुणी कुणाकडे बघितलं यावरून. हातात सांडशी घेऊन ती बाहेर यायची, तिघांनाही दोन्ही भाषांत झोडपायची आणि दोन मिनिटांत परत आत. मग आतून आवाज यायचा, 'अय्यो'. त्या अय्योनंतर बिस्किटं होतात एवढं आम्हाला माहीत होतं. कृतीत ते कुणी सांगितलं नव्हतं, कारण अव्वाच्या लेखी ती चूक होती आणि ती चूक आम्ही होतो. आणि मी मात्र मोबाइलवर गजर लावून, पोरीला गप्प बसवून, डोळ्यांत तेल घालून, काहीही करपणार नाही हे बघत होते.

निघताना काका जिन्यापर्यंत सोडायला आले. मुलगी आत स्कॅन रद्द करायला फोनवर होती. त्यांनी मागे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, चार वर्सांनी आली बगा ती. येवढी गोड बिस्किटं पाठवायचो, तवा फोनच यायचा नुसता." मग डोळे मिचकावून म्हणाले, "फुडल्या वर्सी बी डबा बदलू की."

बदललाही. दोनदा.

या गोष्टीला चार वर्षं झाली. शिवानी आता पुण्याला शिकायला जाणार आहे. बॅग भरून आठवडा झाला, ती दारातच उभी आहे आणि आम्ही तिला वळसा घालून ये-जा करतो. गेल्या रविवारी मी ठरवलं, तिच्याबरोबर द्यायची बिस्किटं मीच करायची. कृती आता पूर्ण माहीत होती. लोणी कढवायला ठेवलं, आच बारीक केली आणि वाट बघत उभी राहिले.

कुणी हाक मारली नाही. कंपासबॉक्स नाही, मोजे नाहीत. नवरा बाहेर गेला होता. शिवानी तिच्या खोलीत, कानात ते इअरफोनचं बोंडूक घालून. घरात लोणी तडतडायचा आवाज येत होता, एवढी शांतता. इतकी वर्षं मी याच शांततेसाठी देवाला साकडं घातलं होतं.

शेवटी मीच तिच्या दारात गेले.

"शिवानी, जरा भांड की माझ्याशी."

तिने कानातलं काढलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की स्कॅनची वेळ आता माझी. "कशावरून?"

मी विषय सुचवले. तिचं कपाट, तिचा मोबाइल, गेल्या वर्षीची ट्रिप. तिने मान हलवली, तिला कशातच दम वाटेना. मग म्हणाली, "तू मला एकदापण जाऊ नको म्हणाली नाहीस."

हा विषय मी सुचवलेल्यांपैकी नव्हता.

"मग म्हणायला हवं होतं का?"

"म्हणायचं तर होतंस."

"मी म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

"नाही. पण म्हणायचं होतंस ना."

मग आम्ही भांडलो. मनापासून, इतक्या वर्षांतलं सगळं काढून. मी म्हटलं, मी म्हणणार होते, पण तू कान बुजवून बसतेस. ती म्हणाली, कान बुजवले तरी दार उघडं असतं. तिने माझी पुस्तकमोजणी काढली, मी तिची ट्रिप काढली. मध्येच कुणीतरी रडलं, कुणीतरी हसलं, ती पलंगावर सरकली, मी तिच्याशेजारी टेकले आणि भांडण तसंच पुढे चालू राहिलं.

तुपाचं म्हणाल तर पातेलं अजून भिजत घातलेलं आहे. त्यात जे उरलं त्याने रस्ता करता आला असता. अव्वाचं भांडण दोन मिनिटांत संपायचं. आमचं पंचवीस मिनिटं चाललं. आणि खरं सांगायचं तर, जळल्याचा वास मला पाचव्या मिनिटालाच आला होता.